क्रूझच्या बाल्कनीत लहान मूल: ‘लक्ष ठेवा’ एवढ्याने भागत नाही

ही गोष्ट सांगायला मला लाज वाटते, म्हणून जवळजवळ वर्षभर लिहिली नाही. पण परवा एका ओळखीच्या बाईंचा फोन आला. त्यांच्या मुलाने सुट्टीसाठी मुंबईहून गोव्याला जाणाऱ्या क्रूझचं बुकिंग केलंय, सोबत चार वर्षांचा नातू आहे, आणि ‘बाल्कनीवाली केबिन मिळाली’ म्हणून घरात सगळे खूष आहेत. मी त्यांना फोनवर जे सांगितलं तेच आता इथे लिहिते. लाजेपेक्षा ते महत्त्वाचं आहे.

आमचंही असंच होतं. लेक आणि जावई मुंब्र्याला राहतात. दोघेही नोकरी करणारे, सुट्टी मिळते ती मोजून. जावयांनी तीन रात्रींची क्रूझ ठरवली आणि मलाही सोबत घेतलं. आमच्या कोकणी घरात बोट म्हणजे कामाची जागा. वडील जहाजावर होते, मामू जहाजावर होते, आज भाचा एका परदेशी क्रूझवर केबिन स्टूअर्ड आहे. माझे नाना बोटीने हजला गेले होते. मुंबईहून हजला बोटीने जायची सोय १९९५ मध्ये बंद झाली, पण त्या प्रवासाच्या गोष्टी ऐकत आम्ही मोठे झालो. पैसे देऊन, मजेसाठी बोटीवर चढणारी आमच्या घरातली पहिली पिढी म्हणजे आम्हीच.

शेजारी शेजारी दोन केबिन होत्या, दोन्हींना बाल्कनी. एकीत लेक आणि जावई, दुसरीत मी आणि दोन्ही मुलं. नात आठ वर्षांची, नातू साडेतीन वर्षांचा. ‘आम्ही नानीजवळ झोपणार’ हा मुलांचा हट्ट, आणि लेकीला दोन रात्री शांत झोप मिळावी ही माझी इच्छा.

निघण्याआधी भाच्याचा फोन आला होता. तो म्हणाला, “खाला, बाल्कनी कशाला घेतली? मुलं लहान आहेत. आता घेतलीच असेल तर चढल्या चढल्या स्टूअर्डला सांगून बाहेरच्या खुर्च्या काढून घ्या. आणि दाराचा वरचा खटका कायम लावून ठेवा.” मी हो हो म्हटलं. मनात म्हटलं, कालचं पोरगं मला मुलं सांभाळायला शिकवतंय. तीस वर्षं शाळेत शिकवलंय मी. एका वेळी साठ साठ मुलं सांभाळली आहेत.

पहिल्या संध्याकाळी जहाज बॅलार्ड पिअरवरून निघालं. मुंबईचे दिवे लागत होते. मी नातवाला कडेवर घेतलं आणि कठड्याशी उभी राहून त्याला पाणी दाखवलं. नातीने फोटो काढला. तो फोटो कुटुंबाच्या ग्रुपवर गेला आणि खाली ‘माशाअल्लाह’ची रांग लागली. कोणालाही, मला स्वतःलाही, त्या फोटोत काही वावगं दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे फजरला उठले. वुजू केला, बाल्कनीचं दार उघडून क्षणभर बाहेर उभी राहिले, आत येऊन दार लोटलं. ते बसलं. वरचा खटका मात्र लावला नाही. मुलं गाढ झोपली होती. मी नमाजला उभी राहिले.

दुसऱ्या रकातीत सजद्यात असताना काहीतरी ओढल्याचा आवाज आला. वरच्या डेकवर कामगार खुर्च्या लावत असतील असं वाटलं. मग पायांना गार वारा लागला. बंद केबिनमध्ये वारा कुठून येणार? तिथेच नमाज तोडली.

नातू बाल्कनीत होता. पाय वर करून बसायला ठेवलेलं बुटकं स्टूल त्याने कठड्यापर्यंत ओढून नेलं होतं. तो त्यावर उभा होता, दोन्ही हात कठड्यावर, टाचा उचललेल्या, आणि खाली वाकून जहाजाच्या कडेने धावणारा फेस बघत होता. मी ओरडले नाही. शाळेतल्या सवयीने असेल, पण एवढं भान राहिलं की ओरडलं तर तो दचकेल. चार पावलं टाकली आणि मागून त्याला दोन्ही हातांनी कवटाळलं. तो वैतागला. म्हणाला, “नानी, मैं तो पानी देख रहा था.”

त्याच्या दृष्टीने तो काहीच चुकीचं करत नव्हता. आदल्या संध्याकाळी नानीने जे दाखवलं होतं तेच तो पुन्हा बघत होता. पाणी बघायचं असेल तर कठड्याच्या वर जायचं असतं, हे त्याला मीच शिकवलं होतं.

त्यानंतर मी लेकीला उठवलं नाही. केबिनच्या फरशीवर त्याला मांडीत घेऊन बसून राहिले. उजाडल्यावर स्टूअर्डला बोलावून सांगितलं की बाहेरचं सगळं सामान घेऊन जा. त्याने दोन मिनिटांत नेलं. काही विचारलं नाही, काही पैसे लागले नाहीत. हे काम आदल्या दिवशी दुपारीही दोन मिनिटांचंच होतं.

गोव्याला पोचल्यावर भाच्याला फोन केला आणि सगळं सांगितलं. तो रागावला नाही. म्हणाला, “खाला, तुम्ही एकट्या नाही. सगळ्यांना वाटतं की आपण बघतोय ना.”

‘आपण बघतोय ना.’ माझं सगळं म्हणणं या तीन शब्दांविरुद्ध आहे.

मुलं सांभाळण्याबद्दल आपल्याकडे जी सूचना सगळ्यात जास्त दिली जाते ती ‘लक्ष ठेवा’. ती चुकीची नाही, पण तिच्यावर सगळा भार टाकणं चुकीचं आहे. माणूस नमाज पढतो, झोपतो, आंघोळीला जातो, दुसऱ्या मुलाचे केस विंचरतो, फोनवर बोलतो. तीन दिवस आणि तीन रात्री कोणीही एका मुलावर सलग नजर ठेवू शकत नाही. जी सुरक्षितता फक्त नजरेवर उभी आहे ती नजर हलली की संपते. आणि साडेतीन वर्षांच्या मुलाला स्टूल ओढायला अर्धं मिनिटही लागत नाही.

आता कठड्याचा साधा हिशेब करू. अमेरिकेत २०१० साली क्रूझ जहाजांच्या सुरक्षिततेचा एक कायदा झाला. अडीचशे किंवा त्याहून जास्त प्रवासी नेणाऱ्या आणि त्या देशातल्या बंदरांतून प्रवासी चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या जहाजांना तो लागू आहे. त्यात कठड्याची उंची किमान ४२ इंच, म्हणजे साडेतीन फूट, हवी असं म्हटलंय. साडेतीन वर्षांचं मूल साधारण सव्वातीन फुटांचं असतं. म्हणजे जमिनीवर उभं राहिलं तर कठडा त्याच्या डोक्याच्याही वर. इथपर्यंत ठीक आहे. बहुतेक जहाजांवर कठड्याखाली काच असते, त्यामुळे गजांमधून निसटायचीही भीती नसते.

पण त्या मुलाला दीड फूट उंच स्टूल किंवा खुर्ची द्या. आता कठडा त्याच्यासाठी दोन फूट उरला, म्हणजे छातीच्या जरा खाली. हातांवर जोर देऊन एक उडी, की ते पोटावर कठड्यावर आडवं होतं. लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं, तोल पुढे जायला वेळ लागत नाही. आणि माझ्यासारखी कोणी त्याला कडेवर घेऊन कठड्याशी उभी राहिली तर? त्याची बसायची जागाच तीन फुटांवर येते. कठडा जेमतेम त्याच्या कमरेपाशी. उचललेल्या मुलासाठी तिथे कठडा जवळजवळ उरतच नाही. उरतात ते फक्त आपले हात. जहाज हलतं, मूल हात सोडून पक्ष्याकडे झेपावतं, आणि आपले हात साठ वर्षांचे असतात.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं की कठडा पुरेसा उंच असतो, धोका त्याच्याजवळ आपण जे आणून ठेवतो त्याचा आहे. खुर्ची, टेबल, स्टूल, बॅग आणि आपली स्वतःची कड.

हे माझ्या घाबरलेल्या मनाचे खेळ नाहीत. २०१९ च्या जुलैमध्ये पोर्तो रिकोमधल्या सान हुआन बंदरात उभ्या असलेल्या एका क्रूझ जहाजावर दीड वर्षाची मुलगी अकराव्या डेकवरच्या खिडकीतून खाली पडून गेली. ती केबिनची बाल्कनी नव्हती, मुलांच्या खेळायच्या जागेजवळची खिडक्यांची ओळ होती. तिला खिडकीपाशी उचलून धरलं होतं तिच्या आजोबांनी. तिथे काच आहे असं वाटलं, असं त्यांनी सांगितलं. खिडकी उघडी होती. पुढे त्यांनी निष्काळजीपणाने मृत्यूला कारण झाल्याचा गुन्हा कबूल केला आणि २०२१ मध्ये न्यायालयाने त्यांना तीन वर्षांच्या प्रोबेशनची शिक्षा दिली. तुरुंगात जावं लागलं नाही. पण त्या माणसाला आणखी कुठली शिक्षा द्यायची बाकी राहिली होती?

ती बातमी मी त्या वेळी वाचली होती. वाचून म्हटलं होतं, ‘कसा माणूस आहे!’ जगभरचे लोक हेच म्हणत होते. आज ती बातमी आठवते तेव्हा मला माझा मुंबईच्या दिव्यांसमोरचा फोटो दिसतो. त्यांनी जे केलं आणि मी जे केलं, त्यात प्रेमाचा फरक नव्हता, अकलेचाही नव्हता. माझ्या वेळी नातवाने झेप घेतली नाही, एवढाच फरक.

दुसरी घटना २०२५ च्या जून महिन्याच्या शेवटची. बहामाहून फ्लोरिडाला परतणाऱ्या डिस्ने कंपनीच्या जहाजावरून एक लहान मुलगी चौथ्या डेकवरून समुद्रात पडली. वडिलांनी तिच्यामागे उडी घेतली. जहाजावरच्या लोकांनी बचाव नौका पाठवली आणि दोघांनाही जिवंत बाहेर काढलं. व्हिडिओ सगळीकडे फिरला, वडिलांचं कौतुक झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण मुलगी पडली कशी? पोलिसांच्या तपासात पुढे आलं की ती फोटोसाठी काठावर बसली होती आणि तिचा तोल मागे गेला. पुन्हा फोटो.

दोन्ही घटनांत मूल आईबापांची नजर चुकवून कुठे गेलं नव्हतं. घरची मोठी माणसं शेजारीच होती, मुलाकडेच बघत होती. ‘लक्ष ठेवा’ म्हणणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं. लक्ष होतं. लक्ष असूनही झालं.

मग काय करायचं? याचं उत्तर मला जहाजावर नाही, न्यूयॉर्क शहराच्या एका जुन्या अनुभवात सापडलं. १९७० च्या आसपास तिथे उंच इमारतींच्या खिडक्यांतून मुलं पडून मरत होती, जास्त करून गरीब वस्त्यांत. शहराच्या आरोग्य खात्याने १९७२ मध्ये एक मोहीम काढली. तिचं नाव साधं होतं: मुलांना उडता येत नाही. घरोघरी जाऊन आयांना समजावलं, आणि त्याबरोबर खिडक्यांना लावायला जाळ्या फुकट दिल्या. ब्रॉन्क्स भागात १९७३ ते १९७५ या काळात मुलं पडण्याच्या नोंदी निम्म्यावर आल्या. मग १९७६ मध्ये शहराने नियमच केला की ज्या घरात दहा वर्षांपर्यंतचं मूल राहतं त्या घराच्या खिडक्यांना मालकाने जाळी लावलीच पाहिजे.

मला यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांनी आयांना ‘तुमचं लक्ष कुठे असतं?’ असं विचारून सोडून दिलं नाही. खिडकी बदलली. आई तीच, मूल तेच, घर तेच, गरिबीही तीच. जाळी बसली आणि मुलं वाचली.

जहाजावरही हेच हवं. यातलं काही आपल्या हातात आहे, काही कंपन्यांच्या.

आपल्या हातातलं आधी. पहिला निर्णय बुकिंग करतानाच होतो. मूल सहा वर्षांच्या आतलं असेल तर बाल्कनी घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. न उघडणाऱ्या खिडकीची केबिन मिळते, तिच्यातूनही समुद्र दिसतो. आतल्या बाजूची बिनखिडकीची केबिन तर आणखी स्वस्त. जहाजावर समुद्र बघायला मोठे डेक असतातच. तिथेही मुलाला कठड्याशी उचलायचं नाही, हे वेगळं सांगायला नको. काचेतून त्याला त्याच्या उंचीवरून दिसतं तेवढं पुरे.

बाल्कनी घेतलीच असेल, तर केबिनमध्ये पाय ठेवल्यावर सामान उघडायच्या आधी बाल्कनीत जा. दाराचं हँडल आणि खटका कसा चालतो ते बघा. बऱ्याच जहाजांवर मोठ्या माणसाच्या हाताला येईल अशा उंचीवर एक वेगळा खटका असतो. तो आहे का, नीट बसतो का, हे तपासा. नसेल किंवा सैल असेल तर लगेच सांगा, केबिन बदलून मागा. स्टूअर्डला बोलावून खुर्च्या, टेबल, स्टूल बाहेर न्यायला सांगा. स्वतः बसायचं असेल तर आतली खुर्ची सोबत न्या आणि उठताना सोबत आत आणा. शेजारची केबिन आपल्याच माणसांची असेल तर मधलं पार्टिशन उघडून घ्यायचा मोह होतो. ते उघडलं की लक्ष ठेवायची दारं एकाच्या दोन होतात. ते बंद राहू द्या.

दारासंबंधी आणखी एक. केबिनचं मुख्य दार आणि बाल्कनीचं दार एकाच वेळी उघडलं की आरपार वारा सुटतो आणि जड दार आपटतं. लहान बोटं त्यात सापडतात. एक बंद करूनच दुसरं उघडायचं, हा नियम मुलांनाही सांगा.

मुलांना नियम सांगायचा तो एकच आणि सोपा असावा: मोठं माणूस आधी बाहेर, मग मूल. मोठं माणूस आत आलं की मूलही आत. चढायचं नाही, ना खुर्चीवर ना कोणाच्या कडेवर. आणि हा नियम मोठ्यांनी मोडायचा नाही. फोटोसाठीही नाही, नानी असली तरी नाही.

सगळ्यात महत्त्वाचं, ‘आता मूल कोणाकडे?’ हे बोलून ठरवा. घरात पाच मोठी माणसं असली की मूल सगळ्यांकडे असतं, म्हणजे कोणाकडेच नसतं. आमच्याकडे आता साधी पद्धत आहे. नमाजला उभं राहण्याआधी, आंघोळीला जाण्याआधी, मूल दुसऱ्याच्या नावावर करायचं: “आता हा तुझ्याकडे.” समोरच्याने “माझ्याकडे” असं म्हटल्याशिवाय जायचं नाही. आणि केबिनमध्ये दुसरं मोठं माणूस नसेल तर आधी खटका, मग नमाज.

मी त्या पहाटे नमाज तोडली यावरून एका नातेवाईक बाईंनी मला विचारलं, “अल्लाहवर भरवसा नव्हता का?” त्यांना राग येणार नाही अशा शब्दांत मी उत्तर दिलं. मुलाचा जीव धोक्यात असेल तर नमाज तोडणं नुसतं चालतंच असं नाही, तोडणं आवश्यक असतं, हे लहानपणी मदरशातच शिकवतात. आणि भरवशाचं म्हणाल तर उंट बांध आणि मग अल्लाहवर सोड, ही शिकवण सगळ्यांना पाठ आहे. त्याहून कमी लोकांना ठाऊक असलेली एक हदीस अबू दाऊदच्या संग्रहात आहे. तिचा आशय असा की ज्या गच्चीला कठडा नाही तिच्यावर जो झोपतो, त्याने आपली जबाबदारी स्वतःवरच घेतली. चौदाशे वर्षांपूर्वी गच्चीच्या कठड्याची काळजी करणाऱ्या दीनमध्ये आपण ‘जे नशिबात असेल ते होईल’ म्हणून स्टूल बाहेर ठेवायचं? नशीब हा शब्द आपण फार वेळा आळसाला पांघरूण म्हणून वापरतो.

आता कंपन्यांबद्दल. बुकिंगच्या फॉर्मवर मुलाचं वय विचारतात. त्यावर भाडं ठरतं. म्हणजे कोणत्या केबिनमध्ये साडेतीन वर्षांचं मूल येणार आहे, हे जहाज निघायच्या कितीतरी आधी कंपनीला ठाऊक असतं. मग त्या केबिनच्या बाल्कनीतलं सामान प्रवाशाने मागायच्या आधीच काढून का ठेवत नाहीत? बाल्कनीचं दार उघडलं की वाजणारी साधी घंटा का बसवत नाहीत? आम्ही चढलो तेव्हा आपत्कालीन कवायत झाली. कुठे जमायचं, लाइफ जॅकेट कसं घालायचं, सगळं नीट सांगितलं. बाल्कनीबद्दल एक वाक्य नव्हतं. मला कोणा एकाच कंपनीशी भांडायचं नाही, म्हणून जहाजाचं नाव लिहीत नाही.

नियम बदलत नाहीत असंही नाही. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या किनाऱ्यापाशी कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडलं, ३२ माणसं गेली. त्यातल्या काही प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलला आणि २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच घेणं सक्तीचं झालं. म्हणजे करायचं म्हटलं तर जगभरच्या जहाजांवर एका तारखेपासून बदल होतो. आपल्या किनाऱ्यावर क्रूझ आता वाढत आहेत. इथले नियम करणाऱ्यांनी बाल्कनीच्या दाराचा आणि फर्निचरचा विचार कोणाचं तरी मूल जाण्याआधी करावा, एवढीच मागणी आहे.

यावर दोन आक्षेप येतील हे मला माहीत आहे. पहिला, ‘एवढं घाबरून मुलं भित्री होतील.’ खटका लावल्याने मूल भित्रं होत नाही. ते त्याला दिसतही नाही. उलट ज्या केबिनमध्ये स्टूल नाही आणि खटका लागलेला आहे तिथे आपण मुलाला शंभरदा ‘नको, नको’ म्हणत नाही. उरलेल्या दोन दिवसांत मी नातवावर एकदाही ओरडले नाही.

दुसरा आक्षेप, ‘शेवटी आईबापांची जबाबदारी नाही का?’ आहेच. पण अपघातानंतर ही जबाबदारी कोणाच्या गळ्यात पडते ते आठवून बघा. ‘आई कुठे होती?’ हाच पहिला प्रश्न असतो. बाप कुठे होता, दार असं का होतं, खुर्ची तिथे का होती, हे प्रश्न नंतर येतात किंवा येतच नाहीत. मुलाच्या मयतीत त्याच्या आईला दोषी ठरवणारा समाज आपला आहे, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. दोष द्यायला माणूस सापडला की वस्तू बदलायची गरज कोणाला वाटत नाही.

आणि हे फक्त जहाजाचं नाही. जहाज तीन रात्रींचं, घर रोजचं. परत आल्यावर मी लेकीच्या मुंब्र्याच्या फ्लॅटमध्ये फिरले. अकरावा मजला. हॉलच्या सरकत्या खिडकीखाली सोफा. बेडरूमच्या खिडकीला लागून पलंग. बाल्कनीत कपडे वाळत घालायला चढायचं स्टूल. तिथे मी वर्षानुवर्षं जात होते, चहा पीत होते, मला कधी काही दिसलं नव्हतं. जावयांनी पुढच्याच आठवड्यात ग्रिल बसवून घेतली. सोसायटीतल्या एकाने इमारतीची शोभा जाते म्हणून कुरकुर केली. जावयांनी ऐकून घेतलं आणि ग्रिल ठेवली.

तो फोटो मी ग्रुपवरून काढून टाकला. लेकीला त्या पहाटेची गोष्ट घरी परतल्यावरच सांगितली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “अम्मी, मी तुमच्या जागी असते तर मीही खटका लावला नसता.” मला धीर द्यायला ती तसं म्हणाली असेल, पण मला वाटतं ते खरं आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी लावला नसता. म्हणूनच लिहिलं.

ज्या बाईंचा फोन आला होता त्यांनी बुकिंग रद्द केलं नाही, आणि करायची गरजही नव्हती. त्यांनी बाल्कनीची केबिन बदलून बंद खिडकीची घेतली. थोडे पैसेही परत मिळाले. नातू म्हणे विचारत होता की खिडकीतून मासे दिसतील का. दिसोत, इन्शाअल्लाह. काचेच्या आतून.